लहान तळ आणि अनोळखी विमाने : गोंदिया जिल्ह्याच्या निमित्ताने

सौंदड हे गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातील एक गाव. मराठीत सौंदड हे शमीच्या झाडाचेही नाव आहे. आणि झाडांवरून पडलेली ग्रामनामे झाडीपट्टीत विपुल असल्यामुळे या नावाची व्युत्पत्ती शोधण्यास फार दूर जावयास नको. गावावरून मुंबई-कलकत्ता हा जुना महामार्ग जातो. गोंदिया-नागभीड-बल्लारशा या लोहमार्गावर, जो एके काळी अरुंद मापाचा होता, सौंदडचे स्थानक आहे. म्हणजे पूर्व-पश्चिम वाट आणि उत्तर-दक्षिण वाट या दोहोंचा येथे मेळ पडतो. याखेरीज तिसरी एक वाट या भागावरून जाते. मात्र ती जमिनीवर आखलेली नसल्यामुळे सहसा ध्यानात येत नाही. नागपूर व कलकत्ता या दोन शहरांना जोडणारी सरळ रेषा नकाशावर काढली, तर ती उत्तरेस गोंदिया आणि दक्षिणेस सौंदड यांच्या मधून जाते. सौंदडला विमानतळ नाही. परंतु विमानांचा या मुलुखाशी असलेला संबंध पाऊणशे वर्षांहून जुना आहे, आणि तो काही केवळ आकाशातून जाणाऱ्या आवाजापुरता राहिलेला नाही.

लहान विमानतळावर एखादे अनोळखी विमान उतरले की त्याची वार्ता पंचक्रोशीत पसरते, चार दिवस लोक पाहावयास जातात, आणि विमान निघून गेले की सारे विसरले जाते. इतिहासाच्या अभ्यासकांनीही असल्या घटनांकडे बहुधा गंमत म्हणूनच पाहिले आहे. ही दृष्टी अपुरी होय. कोणते विमान कोठे अनोळखी ठरते, हे विमानावर जितके अवलंबून असते तितकेच, किंबहुना त्याहून अधिक, त्या तळावर अवलंबून असते. मुंबईस दिवसातून दहा वेळा दिसणारे विमान गोंदियास उतरले तर तो प्रसंग ठरतो. म्हणून अनोळखी विमान हा त्या तळाविषयीचा पुरावा आहे : तो तळ कोणी, कशासाठी व कोणासाठी बांधला, आणि पुढे तो कोणाच्या कामी आला, हे अशा विमानावरून कळू शकते. पूर्व विदर्भातील काही उदाहरणे, आणि तुलनेसाठी मुंबईच्या जुहूचे उदाहरण, या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहेत.

आरंभी शब्दांचा थोडा विचार अवश्य आहे. आगगाडी आली तेव्हा मराठीला तिच्यासाठी नवा शब्द घडवावा लागला. विमान आले तेव्हा शब्द तयारच होता. संस्कृतात 'विमान' हा शब्द देवांच्या आकाशगामी रथासाठी आणि मंदिराच्या गर्भगृहावरील शिखरबांधणीसाठीही वापरला जातो, आणि तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या कथेमुळे महाराष्ट्रातील निरक्षर माणसालाही तो परका नव्हता. याचा एक परिणाम असा झाला की यंत्र अपरिचित असतानाही त्याचे नाव परिचित राहिले. 'विमानतळ' या शब्दातील उत्तरपद मात्र अगदी वेगळ्या घरचे आहे. फौजेचा तळ, लमाणांचा तळ, तळ देणे, तळ ठोकणे, तळ हलविणे हे मराठीतील रूढ प्रयोग पाहिले असता 'तळ' म्हणजे वाटेवरील मुक्कामाची जागा, वस्तीची नव्हे, हे स्पष्ट होते. तळावर येणारा तेथे राहण्यासाठी येत नाही. देवाचे वाहन आणि लष्कराचा मुक्काम असे दोन अर्थ एकत्र सांधणारा हा समास बनविणाऱ्याच्या मनात इतके सर्व असेल असे नाही. परंतु गोंदियाच्या तळाच्या बाबतीत तो शब्दशः खरा ठरला.

गोंदिया शहराच्या ईशान्येस सुमारे बारा किलोमीटरांवर, कामठा गावाजवळ बिरसी येथे १९४० साली इंग्रज सरकारने धावपट्टी बांधली. दुसरे महायुद्ध सुरू होऊन वर्ष लोटत होते. त्या वेळी हा भाग मध्यप्रांत व वऱ्हाडातील भंडारा जिल्ह्यात मोडत असे. गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. भाताची शेती, तलाव आणि जंगल यांचा हा प्रदेश. येथे विमानाने जाणारा प्रवासी नव्हता की विमानाने पाठवावा असा माल नव्हता. तळ बांधला गेला तो या प्रदेशासाठी नव्हे. युद्धकाळात देशाच्या अंतर्भागात अशा पुष्कळ धावपट्ट्या तयार झाल्या, आणि युद्ध संपताच त्यांतील बहुतेकांचे प्रयोजनही संपले. बिरसीची धावपट्टी पुढे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे राहिली, १९९८ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे गेली आणि २००५ च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे भाडेपट्ट्याने आली. एवढ्या तीन सरकारी नोंदींत पासष्ट वर्षे संपतात. कागदावर तळाचा इतिहास म्हणजे त्याच्या मालकीचा इतिहास होऊन बसतो. तेथे काय उतरले, काय उडाले, हे त्या कागदांवरून समजत नाही.

या मुलुखाच्या आकाशाशी विमानांचा नियमित संबंध जोडला तो बिरसीने नव्हे, नागपूरच्या सोनेगाव तळाने. हा तळ पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१७-१८ च्या सुमारास सुरू झालेला. दुसऱ्या युद्धात त्याची डागडुजी होऊन तो इंग्रजी हवाई दलाच्या विमानांचा वाटेवरील थांबा बनला. स्वातंत्र्यानंतर दीड वर्षाच्या आतच त्याला एक असे काम मिळाले की ज्यास त्या काळच्या जगातही फारशी तोड नव्हती. जानेवारी १९४९ च्या अखेरीस रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघे. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपुरास एकत्र येत. तेथे थैल्यांची अदलाबदल होई. आणि मुंबईचे विमान इतर तिन्ही शहरांची पत्रे घेऊन मुंबईस, कलकत्त्याचे कलकत्त्यास, याप्रमाणे सर्व विमाने पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतत. नागपूरची निवड उघडच अंतरांवरून झाली होती. मुंबईपासून हवाई मार्गाने नागपूर सुमारे सातशे किलोमीटर, दिल्लीपासून साडेआठशेच्या पुढे, मद्रासेपासून नऊशे आणि कलकत्त्यापासून साधारण हजार. त्या काळच्या डकोटा विमानास याकरिता अडीच ते साडेतीन तास पुरत. आज मोठ्या शहरी विमानतळावर सर्व दिशांची विमाने एकाच वेळी आणून प्रवाशांची देवाणघेवाण करण्याची जी पद्धत जगभर रूढ आहे, तिचाच हा एक आरंभीचा आणि अत्यंत काटकसरीचा नमुना होता. ही सेवा आरंभी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सने, पुढे हिमालयन एव्हिएशनने आणि नंतर डेक्कन एअरवेजने चालविली. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे कोणताही जादा आकार न घेता विमानाने नेण्याची योजना टपाल खात्याने अमलात आणली. नागपूरच्या मध्यरात्रीवाचून ती निभली असती असे वाटत नाही. थोडे कमी भाडे देऊन या विमानांतून प्रवासीही जात, आणि नागपूरच्या तळावर मध्यरात्री विमान बदलून दिवस उजाडण्यापूर्वी दुसऱ्या टोकाच्या शहरात पोहोचत.

या सेवेतील विमाने पाहिली तर एक गोष्ट नजरेत भरते. डकोटा हे मूळचे अमेरिकन डग्लस कंपनीचे प्रवासी विमान. त्याचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९३५ रोजी झाले. युद्धात त्याची लष्करी आवृत्ती हजारोंनी तयार झाली, आणि युद्ध संपल्यावर हिंदुस्थानात पडून राहिलेली अशी पुष्कळ विमाने स्वस्त किमतीत विकली गेली. बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यात त्यांतील अनेकांची डागडुजी होऊन ती मुलकी कामास लागली. नव्या हवाई कंपन्यांचे पेव फुटले ते याच विमानांच्या बळावर. म्हणजे विमान युद्धाचे उरलेले आणि ज्या तळावर ते उतरे तोही युद्धाने दुरुस्त केलेला. विदर्भाला हवाई वाहतूक मिळाली ती अशी शिलकीतून मिळाली; ती कोणी योजून दिली नव्हती. १९५३ च्या ऑगस्टमध्ये हवाई कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन इंडियन एअरलाइन्सचे काम सुरू झाले, आणि रात्रीची टपालसेवाही त्या महामंडळाकडे आली. त्याच वर्षी १२ डिसेंबरच्या रात्री मद्रासकडे निघालेले एक डकोटा उड्डाणानंतर लगेच एंजिन बंद पडून नागपुरास कोसळले. विमानात चौदा माणसे होती; तेरा मरण पावली, वैमानिक तेवढा वाचला. दुसऱ्या दिवशी मुंबई-कलकत्त्याच्या घराघरांत सकाळची पत्रे वाटणाऱ्या यंत्रणेची किंमत काय असू शकते, हे त्या एका रात्रीने दाखविले.

कलकत्त्याचे डकोटा नागपुराहून निघाले म्हणजे थोड्याच वेळात सौंदड आणि गोंदिया यांच्या दरम्यानच्या आकाशात येत असले पाहिजे. ज्या खेड्यांत विजेचा दिवा अजून आलेला नव्हता, त्यांच्या डोक्यावरून रोज रात्री कलकत्त्याची पत्रे जात होती. त्यांतील एखादे पत्र या खेड्यांपैकी कोणाचे असले, तर ते अगोदर नागपुरास उतरून, आगगाडीने व पुढे हलकाऱ्याच्या पिशवीतून परत येथवर येई. आकाशाची वाट आणि जमिनीची वाट एकमेकींना ओलांडत. मिळत मात्र नसत.

डकोटा या नावाचे मराठीत पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. आरंभी ते एका विशिष्ट विमानाचे नाव. मग ही विमाने इतकी रुळली आणि इतकी वर्षे चालत राहिली की खिळखिळी झालेली मोटार, जुनाट यंत्र, थकलेला माणूस यांपैकी कशालाही 'डकोटा' म्हणण्याची रीत बोलीत पडली. 'गाडीचा पार डकोटा झाला' हे वाक्य उच्चारणाऱ्या कित्येकांनी ते विमान कधी पाहिलेले नसेल. परंतु शब्दाने त्या विमानाचा सर्व प्रवास जपून ठेवला आहे : अपूर्वाई, सवय आणि म्हातारपण. लेखी दफ्तर जेथे गप्प आहे तेथे कोशातील असा एखादा बदललेला अर्थ साक्षीस उभा राहतो. अर्थबदलाची तारीख सांगता येत नाही हा त्या साक्षीचा दोष खराच. पण दिशा निश्चित सांगता येते.

दुसरा पुरावा विमानांच्या अंगावरच लिहिलेला असतो. प्रत्येक विमानावर त्याची नोंदणीची अक्षरे रंगविलेली असतात. भारतीय विमानांची 'व्हीटी' या दोन अक्षरांनी सुरू होतात. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूपर्यंत टपाल आणले, ते 'पस मॉथ' जातीचे लहान विमान व्हीटी-एडीएन या अक्षरांचे होते. ही 'व्हीटी' म्हणजे 'व्हाइसरॉयज टेरिटरी', व्हाइसरॉयचा मुलूख, अशी व्युत्पत्ती सर्वत्र सांगितली जाते, वृत्तपत्रे ती छापतात, आणि गुलामीची ही खूण पुसून टाकावी अशी मागणी संसदेतही झालेली आहे. भाषाशास्त्रज्ञ जिला लोकव्युत्पत्ती म्हणतात तिचे हे उत्तम उदाहरण होय. वस्तुस्थिती पाहता, बिनतारी संदेशांसाठी आंतरराष्ट्रीय कराराने निरनिराळ्या देशांना अक्षरांचे गट वाटून दिले गेले. व्ही या अक्षराचे बहुतेक गट ब्रिटिश साम्राज्यातील देशांच्या वाट्याला आले, आणि त्यांत हिंदुस्थानचा गट व्हीटीए पासून व्हीडब्ल्यूझेड पर्यंतचा होता. त्या गटाच्या आरंभीची दोन अक्षरे १९२९ च्या सुमारास विमानांसाठी घेतली गेली. तत्पूर्वी येथील विमानांवर 'जी-आय' अशी अक्षरे असत. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला त्याच वाटणीत व्हीएच आले. तेव्हा साम्राज्याचा संबंध आहे तो व्ही या अक्षरापुरता आहे. टी हे अक्षर अनुक्रमाने आले आहे, आणि त्यात मुलूखही नाही व व्हाइसरॉयही नाही. मुंबईच्या व्हीटी स्थानकातील व्हिक्टोरिया राणी तेवढी खरी, पण तिचा या अक्षरांशी काही संबंध पोहोचत नाही.

ही अक्षरे महत्त्वाची यासाठी की त्यांवरून एकेक विमान व्यक्तीसारखे ओळखता येते. इंग्लंडात युद्धकाळात शत्रूची विमाने ओळखण्याचे शिक्षण सामान्य नागरिकांना दिले गेले, त्यासाठी १९४१ साली एक स्वतंत्र साप्ताहिक निघाले, आणि युद्धानंतर त्याच सवयीतून विमानांची अक्षरे टिपून ठेवण्याचा छंद वाढला. अशा टिपणवह्यांच्या आधारे तेथील लहानसहान तळांचा दिवसवार इतिहास रचता येतो. भारतात हे घडले नाही. १९३७ च्या विमान नियमावलीतील तेराव्या नियमाने विमानतळावर परवानगीवाचून छायाचित्र घेण्यास बंदी घातली, आणि वह्या घेऊन धावपट्टीकडे पाहणारा माणूस येथे संशयास पात्र ठरत आला. २०१० च्या फेब्रुवारीत दिल्लीच्या विमानतळाजवळील एका हॉटेलातून विमानांची टिपणे घेणाऱ्या दोघा ब्रिटिश छांदिष्टांना पोलिसांनी अटक केली होती. सुरक्षेचा हेतू कितीही योग्य असला तरी त्याची किंमत इतिहासाने दिली आहे, हे म्हणणे भाग आहे. नोंदणीपुस्तकात विमानाचा मालक सापडतो. ते विमान कोणत्या दिवशी कोणत्या आडगावच्या धावपट्टीवर होते, हे तेथे सापडत नाही. परिणामी येथे लहान तळावरील तेच विमान लिखित इतिहासात शिरते की जे चुकून उतरते किंवा जे उडूच शकत नाही.

चुकून उतरण्याचे प्रसिद्ध प्रसंग जुहूचे आहेत. जुहूचा तळ १९२८ सालचा. आरंभी तो समुद्रकाठची सपाट जमीन एवढाच होता. पावसाळ्यात तेथे इतका चिखल होई की टाटांना आपली टपालसेवा त्या दिवसांत पुण्याहून चालवावी लागे. पुढे सांताक्रूझचा मोठा तळ मुलकी वाहतुकीस मिळाला आणि जुहू मागे पडले. परंतु दोन्ही तळ शेजारी शेजारी आणि मुख्य धावपट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या असल्यामुळे वरून पाहणाऱ्यास भ्रम होणे शक्य होते. जुलै १९५३ मध्ये ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनचे कॉमेट विमान सांताक्रूझ समजून जुहूस उतरले. जगातील पहिले जेट प्रवासी विमान ते हेच, आणि प्रवासी वाहतुकीत येऊन त्यास पुरते सव्वा वर्षही झाले नव्हते. विमान धड राहिले, आणि काही दिवसांनी त्याच आखूड पट्टीवरून ते उडविण्यात आले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ विमानाने तीच चूक केली. ते मात्र धावपट्टीच्या पुढे निघून गेले, काही प्रवासी जखमी झाले आणि विमान कायमचे निकामी झाले. दोन्ही वेळी बघ्यांची गर्दी लोटली. पण या घटनांचे मर्म निराळे आहे. १९३२ साली ज्या तळावर देशाची हवाई टपालसेवा जन्मास आली, तो वीसएक वर्षांत इतका लहान ठरला की तेथे विमान उतरणे हाच अपघात समजला जाऊ लागला. तळ होता तेवढाच राहिला, विमाने वाढली.

नागपुरास जे विमान अडकून पडले त्याची कथा याहून दीर्घ आहे, आणि विमानतळाचा इतिहास हा कायद्याचाही इतिहास कसा असतो हे तिच्यावरून कळते. १९९१ च्या जुलैमध्ये एका खाजगी कंपनीचे, व्हीटी-ईआरएस या अक्षरांचे बोइंग ७२० विमान एंजिनातील बिघाडामुळे सोनेगावास उतरले. बोइंग ७२० ही सुप्रसिद्ध ७०७ ची आखूड आवृत्ती. तिचे पहिले उड्डाण १९५९ साली झाले आणि सारी मिळून १५४ विमाने बनली. १९९१ पर्यंत जगातील बहुतेक विमान कंपन्यांनी ती केव्हाच मोडीत काढली होती. म्हणजे नागपुरास उतरले तेव्हाच ते विमान दुर्मिळ होते. पुढे ते तेथेच राहिल्यामुळे अधिकाधिक दुर्मिळ होत गेले. एंजिन दुरुस्त झाले नाही, विमान उडाले नाही, तळावर विमान ठेवल्याचे भाडे साचत गेले, मालक आणि विमानतळ यांच्यात वाद राहिला. आणि धावपट्टीच्या टोकाजवळ, सुरक्षेच्या नियमांना खटकेल अशा जागी, ते चोवीस वर्षे उभे होते. नागपुराहून ये-जा करणाऱ्या प्रवाशांच्या एका संपूर्ण पिढीने ते खिडकीतून पाहिले. त्याचा रंग उडाला, आजूबाजूला गवत वाढले, आणि ते विमान न राहता तळाच्या भूगोलाचा भाग बनले. अखेर २०१५ साली ते तेथून ओढून बाजूला नेण्यात आले. योगायोग असा की त्याच वर्षी, त्याच विमानतळालगत मिहान प्रकल्पात, बोइंग कंपनीने बांधलेले मोठ्या विमानांच्या दुरुस्तीचे केंद्र तयार झाले, आणि एअर इंडियाची ७७७ व ७८७ जातीची प्रचंड विमाने दुरुस्तीसाठी नागपुरास उतरू लागली. एक बोइंग दुरुस्तीवाचून चोवीस वर्षे पडून राहिले. ते हलले त्याच वर्षी दुरुस्तीची सोय झाली. या विमानांतून नागपुरास कोणी प्रवासी उतरत नाही. ती येतात ती रिकामी, आणि बरी होऊन रिकामीच जातात. तळ या शब्दाचा जुना अर्थ येथेही सुटलेला नाही.

आता पुन्हा बिरसीकडे वळावयास हरकत नाही. प्राधिकरणाकडे आल्यानंतर तेथील धावपट्टी वाढविण्यात आली, नव्या इमारती उठल्या, आणि कॅनडाची सीएई ही कंपनी व विमानतळ प्राधिकरण यांच्या भागीदारीतून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था तेथे सुरू झाली. त्या वेळी केंद्रात नागरी विमान वाहतूक खाते गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होते, ही गोष्ट या प्रगतीच्या वेगाशी जोडून पाहिली जाते आणि ते स्वाभाविकच आहे. भातशेतीच्या आकाशात त्यामुळे एक नवीच विमाने आली. डायमंड या मूळ ऑस्ट्रियन कंपनीची डीए-४० व डीए-४२ ही विमाने धातूच्या पत्र्याची नसून काचतंतू व कार्बनतंतू यांच्या साच्यातून काढलेली असतात. या कंपनीचा उगम एंजिन लावलेल्या तरंगविमानांच्या कारखान्यात असल्यामुळे त्यांचे पंख लांब, अरुंद व निमुळते असतात, आणि शेतातून मान वर करून पाहणाऱ्यास ती घारीसारखी वाटतात. देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून आलेले तरुण येथे वैमानिक होण्यास शिकतात. महानगरांच्या विमानतळांवरून शिकाऊ विमानांना जागा मिळणे कठीण; बिरसीस मोकळे आकाश होते, आणि युद्धाने टाकून दिलेली धावपट्टी होती. ज्या कारणामुळे हा तळ पन्नास-साठ वर्षे निरुपयोगी समजला गेला, त्याच कारणामुळे, म्हणजे येथे कोणी येत नाही यामुळे, तो उपयोगी पडला.

या शिक्षणालाही किंमत पडली आहे. एप्रिल २०१७ मध्ये येथून निघालेले एक शिकाऊ विमान वैनगंगेच्या परिसरात कोसळून प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी दोघेही मृत्यू पावले. १८ मार्च २०२३ रोजी दुसरे एक विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील डोंगराळ जंगलात पडले. त्यातही दोघांचा अंत झाला. दोन्ही वेळी अपघातस्थळी प्रथम पोहोचले ते आसपासच्या खेड्यांतील लोक. एरवी ज्यांचा या विमानांशी मान वर करून पाहण्यापलीकडे संबंध नसतो, त्यांचा संबंध आला तो असा.

बिरसीच्या रहिवाशांचा संबंध मात्र याहून जवळचा आहे. तळाच्या विस्तारासाठी जमिनी लागल्या, आणि विस्थापित होणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक वर्षे रेंगाळत राहिला. तळाच्या इतिहासात या मंडळींची नोंद 'प्रकल्पग्रस्त' या एका शब्दात होते. हा शब्द अलीकडचा असला तरी त्याची घडण ध्यानात घेण्यासारखी आहे. 'ग्रस्त' हे उत्तरपद मराठीत रोग, दुष्काळ, पूर, ग्रहण यांच्याशी येते. प्रकल्पाला त्या पंक्तीत कोणी बसविले हे सांगता येत नाही, परंतु सरकारी कागदांनी तो शब्द निमूटपणे स्वीकारला आहे. वेळापत्रकात तळाचे नाव 'गोंदिया' असे छापले जाते. जिल्ह्यात बोलताना लोक त्याला 'बिरसीचा विमानतळ'च म्हणतात. जमीन कोणाची होती हे बोलीने सोडून दिलेले नाही.

१३ मार्च २०२२ रोजी बिरसीस इंदूर-गोंदिया-हैदराबाद अशी प्रवासी सेवा सुरू झाली. धावपट्टी बांधल्यास तेव्हा ब्याऐंशी वर्षे होत होती. पंख्यांच्या एंजिनांचे, साधारण सत्तर आसनांचे एटीआर विमान देशात अगदी सामान्य. लहान गावांना जोडणाऱ्या सेवांत तेच सर्वत्र दिसते. गोंदियास मात्र त्या दिवशी त्याच्याइतके अनोळखी विमान दुसरे नव्हते. काचतंतूंची ऑस्ट्रियन विमाने तेथे रोजची झाली होती. भाडे देऊन ज्यात गावच्या माणसाने बसावे असे विमान तेथे प्रथमच आले होते. ती सेवा फार काळ टिकली नाही. पुढे १ डिसेंबर २०२३ पासून दुसऱ्या कंपनीने हैदराबादची सेवा सुरू केली, तेव्हाही पहिल्या दिवशी पाण्याचे फवारे उडवून विमानाचे स्वागत झाले, आणि ते पाहण्यासाठी आलेल्यांत तिकीट काढलेल्यांपेक्षा न काढलेलेच अधिक होते.